लिंपलेली चीर : साक्री ते यावल, चार दिवस

यावल तालुक्यातलं आमचं धाब्याचं घर संक्रांतीनंतर पाडायचं ठरलं, तेव्हा नानांनी एकच गोष्ट मागितली. "पाडायच्या आधी मला ती भिंत एकदा बघायची."

ती भिंत म्हणजे माजघराची उत्तरेकडची भिंत. तिच्यात वरपासून खालपर्यंत गेलेली एक चीर आहे. १४ मार्च १९३८ च्या भूकंपाची. आजी तेव्हा तेरा वर्षांची, नुकतीच लग्न होऊन त्या घरात आलेली. होळी तोंडावर होती. पहाटे ती जात्यावर बसली होती आणि जातं थांबवलं तरी घरघर थांबेना. मग उतरंड कोसळली, गोठ्यातल्या बैलांनी दावी तोडली आणि भिंत उकलली. माणसं वाचली. पुढे दर दिवाळीला आजी ती चीर मातीनं लिंपायची आणि पुढच्या उन्हाळ्यात ती त्याच जागी पुन्हा दिसायची. नानांचं सगळं लहानपण तिच्यासमोर गेलं.

मी धुळ्यात शाळेत भूगोल शिकवते, बावीस वर्षं झाली. दर वर्षी भूपट्टांचा धडा येतो. भूकंप आणि ज्वालामुखी भूपट्टांच्या सीमांवर होतात, असं मी फळ्यावर लिहिते आणि दर वर्षी कुणीतरी हात वर करून विचारतं, "मॅडम, मग किल्लारीला कसा झाला? तिथं कुठे सीमा आहे?" मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि दर वर्षी ती दोन वाक्यं मला अपुरी वाटतात. या वेळी ठरवलं की धुळ्याहून सरळ यावलला न जाता उलट्या दिशेनं निघायचं, साक्रीहून वर तोरणमाळ आणि मग सातपुड्याच्या पायथ्यापायथ्यानं यावल. नाना एसटीत चालक होते. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर त्यांची अर्धी नोकरी गेली. माझं बोलणं पुरं होण्याआधीच त्यांनी स्वेटर काढून ठेवला. गाडी चालवायला माझा भाचा सोहम. तो सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गावातलं नवं घर त्याच्याच देखरेखीखाली उभं राहायचं आहे.

पहिला दिवस : धुळे, साक्री, भामेर

कुसुंबा, नेर मागे पडलं तसे डोंगर बदलायला लागले. सह्याद्रीतले डोंगर सपाट माथ्याचे, थराथराचे असतात. इथं सपाट रानातून अचानक एक काळा, चिंचोळा उंचवटा उठतो आणि सरळ रेषेत निघतो तो नजर जाईल तिथपर्यंत. रस्ता त्याला कापून जातो, पुढे दुसरा लागतो, मग तिसरा. पुस्तकात यांना भित्ती म्हणतात, इंग्रजीतून आलेला शब्द डाईक.

साक्रीच्या अलीकडे एका अशा भिंतीजवळ आम्ही थांबलो. मेंढरं चारणारा एक ठेलारी म्हातारा तिच्या सावलीत बसला होता. मी विचारलं, बाबा, ही कुणी बांधली?

"हाई भीत राक्षसेस्नी बांधी, एकच रातमा," तो म्हणाला. त्याच्या आज्यानं सांगितलेलं.

जवळ जाऊन पाहिलं तर राक्षसाची गोष्ट खोटी म्हणायला मन धजत नाही. दगड रचल्यासारखेच दिसतात. पाच-सहा कोनांचे आडवे खांब एकावर एक, अंगणात सरपणाची मोळी रचावी तसे. तप्त शिलारस फटीत शिरला की दोन्ही बाजूंच्या थंड खडकाकडून आत निवत जातो. निवताना आकसतो, आकसताना तडकतो आणि ते तडे थंड बाजूला काटकोनात पडतात. लाव्ह्याचा थर जमिनीवर पसरून निवला तर खांब उभे होतात, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे. फट उभी असेल तर खांब आडवे. म्हणजे ही भिंत मुळात भिंत नव्हतीच. ती जमिनीतली भेग होती, शिलारसानं भरलेली. आजूबाजूचा मऊ खडक पावसापाण्यानं झिजून गेला आणि भेगेत भरलेला टणक दगड उघडा पडला. भरण राहिलं, भेग ज्या जमिनीत होती ती जमीन गेली.

नंदुरबार–धुळे पट्ट्यातल्या या भिंतींचा नकाशा भूवैज्ञानिकांनी २००७ साली प्रसिद्ध केला. त्यात २१० भिंती आहेत. काही तीन मीटर रुंद, काही साठ मीटर. सगळ्यांत लांब आहे ती ७९ किलोमीटर. मी दर वर्षी वर्गात हा आकडा सांगते, पण त्या भिंतीवर हात ठेवून तो आठवणं वेगळं. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी अशाच फटींतून लाव्हारस वर आला आणि पसरत गेला. शंकूसारखा डोंगर, टोकावर धूर, असं चित्र मुलं काढतात. इथं तसं काही नव्हतं. जमीनच उसवत होती. आज या थरांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भाग झाकलेला आहे.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. बहुतेक भिंती एकाच दिशेनं धावतात, पूर्व-ईशान्येकडून पश्चिम-नैर्ऋत्येकडे. तापीही तशीच वाहते, नर्मदाही, सातपुडाही तसाच पसरलेला. कापड ज्या दिशेनं ताणावं त्याच्या आडवं ते फाटतं. तेव्हा इथली जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती आणि आडवी उसवत होती. सोहमनं मोबाइलवर होकायंत्र लावून बघितलं, पुन्हा भिंतीकडे बघितलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मला ते आवडलं.

पलीकडच्या शेतात कांद्याची लागण चालली होती. शेतकऱ्यानं चहाला थांबवलं. त्याच्या विहिरीला बारमाही पाणी, कारण विहीर भिंतीच्या वरच्या अंगाला आहे. खालच्या अंगाच्या शेजाऱ्याची विहीर होळीलाच कोरडी पडते. जमिनीखालून वाहणारं पाणी या दगडाशी अडतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या भेगेवर दोन घरांचा कांदा अवलंबून आहे.

संध्याकाळी भामेरच्या किल्ल्यावर चढलो. नाना पायथ्याच्या गावात थांबले. वरून आजूबाजूच्या रानात भिंतींच्या काळ्या रेघा उमटलेल्या दिसत होत्या. ही आग आली कुठून, हा सोहमचा प्रश्न उतरताना. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन नावाचं बेट आहे. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. पृथ्वीच्या पोटात खोलवर एक तप्त स्तंभ आहे आणि त्याच्यावरून भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत आला, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. दिव्यावरून कागद फिरवला की काळी रेघ उठते, तशी लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी माग सोडत गेलेली बेटांची ओळ आहे. याच सुमाराला पश्चिमेला सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटून वेगळा होत होता. म्हणजे आग सीमेवरची नव्हती, पण जवळच एक नवी सीमा जन्माला येत होती.

साक्रीला मुक्काम. शेवभाजी इतकी तिखट की नानांनी दोनदा ताक मागितलं.

दुसरा दिवस : नंदुरबार, प्रकाशा, तोरणमाळ

नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथारी लागल्या होत्या. लालभडक, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या. प्रकाशाला तापीच्या पुलावर दहा मिनिटं थांबलो आणि शहाद्याहून घाट धरला.

तोरणमाळला सीताखाईच्या कड्यावर लाव्ह्याचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक दिसतात. 'डेक्कन ट्रॅप' मधला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला. काही थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा पातळ पट्टा असतो. एक थर निवला, त्याच्यावर ऊन-पाऊस पडून माती तयार झाली आणि मग पुढचा लाव्हा त्या मातीवर येऊन तिला भाजून गेला. कुंभाराच्या आव्यातल्यासारखी भाजली गेलेली माती. मधल्या काळात तिथं झाडंही उगवली असतील. तो लाल पट्टा बघितला की मला नेहमी गलबलून येतं.

रात्री थंडी कडाक्याची. यशवंत तलावाजवळ शेकोटी पेटवली. नाना म्हणाले, "एवढी आग होती, मग आता का निघत नाही? आणि जपानातच रोज का निघते?"

त्यासाठी मी बॅगेत नववीच्या मुलांचा नकाशा आणला होता. दर डिसेंबरला मी त्यांना एक काम देते. महिनाभरात जगात पाचच्या वर तीव्रतेचे जेवढे भूकंप झाले, त्यांची जागा इंटरनेटवर शोधून जगाच्या कोऱ्या नकाशावर लाल शाईनं ठिपका द्यायचा. महिन्यात शंभरावर ठिपके पडतात. पहिल्या आठवड्यात ते कुठेही सांडल्यासारखे वाटतात. महिनाअखेर रेघा उमटतात. पॅसिफिक महासागराच्या कडेकडेनं दक्षिण अमेरिका, अलास्का, जपान, फिलिपिन्स, इंडोनेशिया, न्यूझीलंड. दुसरी रेघ हिमालयापासून इराण, तुर्कस्तान, ग्रीसपर्यंत. तिसरी अटलांटिकच्या बरोबर मधोमध, जिथं वरून बघितलं तर नुसतं पाणी आहे. मग मी त्यांना ज्वालामुखींचा नकाशा देते आणि दोन्ही नकाशे खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायला सांगते.

हे माझं डोकं नव्हे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मेरी थार्प ही बाई अटलांटिकच्या तळाचा नकाशा काढत होती. बाई म्हणून तिला जहाजावर जाऊ देत नव्हते. पुरुष सहकारी खोलीची मोजमापं आणायचे, ती टेबलावर बसून रेघा ओढायची. समुद्राच्या मधोमध डोंगरांची एक रांग आहे आणि तिच्या माथ्यावर लांबच लांब खोल दरी आहे, हे तिला दिसलं. दरी म्हणजे तळ फाटतोय. तिचा सहकारी ब्रूस हीझन यानं ते बायकी गप्पा म्हणून उडवून लावलं. त्याच खोलीत हॉवर्ड फॉस्टर नावाचा कर्णबधिर नकाशाकार समुद्राखालच्या तारांसाठी भूकंपांच्या जागा नोंदवत होता. दोन्ही नकाशे एकाच प्रमाणाचे होते. काचेखाली दिवा लावून एकावर एक ठेवले, तर भूकंपांची ओळ थार्पच्या दरीतून चालली होती. हीझनला मान्य करावंच लागलं. माझ्या वर्गातल्या मुली ही गोष्ट ऐकताना ताठ बसतात.

"पण रेघेवरच का?" नाना पुन्हा तिथंच आले.

पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही, मोठमोठ्या तुकड्यांचं आहे. सात मोठे, बाकी लहान. प्रत्येक तुकडा वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो. तुकड्याचा मधला भाग एकजीव, घट्ट, तो सगळाच्या सगळा सोबत जातो. एकमेकांच्या तुलनेत हालचाल होते ती कडेला. आणि कडा गुळगुळीत नसतात. त्या एकमेकींत अडकतात. मागून रेटा चालूच राहतो, खडक वाकत राहतो आणि एक दिवस अडकलेली जागा सुटते.

नाना हसले. "म्हणजे कमानपाटा." एसटीच्या चाकाच्या वरचे पोलादी पाटे. भार पडला की वाकतात, भार गेला की सरळ होतात, वर्षानुवर्षं. "पाटा तुटतो ना, तर कुठेही तुटत नाही. डोळ्यांना दिसणार नाही अशी चीर आधी गेलेली असते, तिथंच तुटतो. म्हणून आमचा जुना मेकॅनिक पाट्याला हातोडी मारून आवाज ऐकायचा."

१९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी रीड यानं हेच मांडलं. खडक स्प्रिंगसारखा ताण साठवतो आणि भ्रंशावर, म्हणजे खडक तुटून सरकतो त्या चिरेवर, तो सुटतो. पण नानांचा पाटा माझ्या मनात रुतला. या वर्षीपासून वर्गात तोच सांगणार.

भूकंपाचं हे झालं. ज्वालामुखीला नुसती हालचाल पुरत नाही, त्याला खडक वितळावा लागतो. आपल्या पायाखाली सगळीकडे लाव्हा उकळतोय अशी पुष्कळांची समजूत असते, पण प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, जवळजवळ सगळं घन आहे. तप्त आहे, पण वरच्या भारानं दाबलेलं म्हणून घन. ते वितळतं मुख्यतः दोन ठिकाणी आणि दोन्ही सीमांवर आहेत. अटलांटिकच्या मध्यासारखे तुकडे जिथं दूर जातात, तिथं खालचा खडक वर येतो, त्याच्यावरचा भार कमी होतो आणि तो आपोआप वितळतो. कुकरमधलं पाणी शंभर अंशांच्या वरही उकळत नाही, कारण दाब असतो. वाफ सोडली की भसकन उकळतं. आइसलँड त्या फाटत्या रेघेवर बसलेलं आहे.

दुसरी जागा जपान, इंडोनेशियाकडची. तिथं समुद्राचा जड तळ दुसऱ्या तुकड्याखाली घसरतो आणि लाखो वर्षं समुद्राखाली भिजलेल्या त्या दगडातलं पाणी खोल गेल्यावर बाहेर पडतं, साधारण शंभर किलोमीटर खोलीवर. ते पाणी वरच्या तप्त खडकात शिरलं की खडकाचा वितळणबिंदू उतरतो. कोरडा गुळाचा खडा कढईत जळायला लागतो, चमचाभर पाणी घातलं की त्याच आचेवर पाक होतो. अगदी तंतोतंत तसं नाही, पण मुलांना कळतं. म्हणून ज्वालामुखी बरोबर सीमेवर नसतात. तळ बुडतो तिथून थोडं आत, त्या शंभर किलोमीटर खोलीच्या वर त्यांची ओळ लागते. भूकंपही समुद्राकडून जमिनीकडे जावं तसे खोल होत जातात, जवळपास ७०० किलोमीटरपर्यंत. बुडणाऱ्या तुकड्याचा तिरपा मार्ग त्यांनीच दाखवला. पॅसिफिकभोवतीच्या या एका पट्ट्यात जगातले सुमारे ९० टक्के भूकंप होतात आणि जागृत ज्वालामुखींपैकी तीन-चतुर्थांश तिथंच आहेत.

आपला भूपट्टही एका बाजूला असाच बुडतो, अंदमान-सुमात्राकडे. २६ डिसेंबर २००४ ला तीच कड सुमारे १३०० किलोमीटर लांबीवर सुटली. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, बॅरन बेट, त्याच ओळीत आहे, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १३५ किलोमीटरवर.

"मग हिमालयात का नाही?" हे सोहमनं विचारलं आणि मला आनंद झाला, कारण हा प्रश्न विचारला नाही तर विषय कळलेलाच नसतो. हिमालयात जमीन जमिनीला भिडली आहे. दोन्ही बाजूंचं कवच हलकं, जाड. शंभर किलोमीटर खाली पाणी पोचवणारा समुद्रतळ आता तिथं नाही. म्हणून रेटा आहे, चुरगळणं आहे, २०१५ च्या नेपाळसारखे भूकंप आहेत, पण आग नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास भ्रंशावर दोन तुकडे एकमेकांना घासून जातात, कुणी वर येत नाही की खाली जात नाही. तिथंही भूकंप आहेत, ज्वालामुखी नाहीत. दोघे बहुधा एका जागी नांदतात म्हणून त्यांना जुळे समजायचं नाही. भूकंपाला रेटा आणि अडकण लागते, ज्वालामुखीला वितळण. सीमांवर अनेकदा दोन्ही मिळतं, इतकंच.

शेकोटी विझत आली होती. नानांनी मुलांच्या नकाशावर भारताच्या मधोमध बोट ठेवलं. तिथं एकही ठिपका नव्हता. "आणि आपली भिंत?"

म्हटलं, नाना, तेच बघायला निघालोय.

तिसरा दिवस : शहादा, शिरपूर, चोपडा, उनपदेव

दिवसभर डाव्या हाताला सातपुडा. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता जवळजवळ सगळी वाट त्याच्या पायथ्याला धरून जातो. नाना गाव येण्याआधी गावाचं नाव सांगत होते. कुठे चहा चांगला, कुठे पावसाळ्यात फरशीवरून पाणी जायचं, कुठला कंडक्टर कुठे उतरायचा. २६ जानेवारी २००१ ला सकाळी ते आगारात झेंडावंदनाला उभे होते आणि पायाखालची जमीन पाळण्यासारखी झुलली. भुजचा भूकंप, इतक्या लांब. त्या दिवशी त्यांनी गाडी काढण्याआधी आईची भिंत आठवली होती म्हणे.

मी मात्र डोंगराकडे बघत होते. दक्षिणेला तापीची सपाटी, पांढरट-काळी, कापूस आणि केळी. उत्तरेला डोंगर एकदम उभा. मध्ये हळूहळू चढत जाणारा उतार फारसा नाही. नदीनं कोरलेली खोरी अशी सुतानं आखल्यासारखी सरळ नसतात. इथं जमीन खचली आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी भ्रंश आहे, त्याच्या दक्षिणेची बाजू खाली गेली आणि त्या खळग्यात तापीनं शेकडो मीटर जाडीचा गाळ भरला. केळीला लागते ती माती या खचण्यातून आली.

अडावदहून आत जंगलाकडे वळलं की उनपदेव. गोमुखातून बारा महिने गरम पाण्याची धार पडते आणि खाली कुंडात साठते. लोक शरभंग ऋषींची कथा सांगतात. नानांनी पायजमा गुडघ्यापर्यंत सरकवून पाय सोडले आणि डोळे मिटले. शेजारी बसलेली एक आजीबाई म्हणाली, "कसाले उनी माय, गुडघा दुखतस का?" मी म्हटलं, नाही आजी, पाणी का ऊन आहे ते बघायला आले. ती माझ्याकडे बघत राहिली. "देवनं शे म्हनीसन," ती म्हणाली आणि मी मान डोलावली. ती इथं दर वर्षी येते, तिच्या गुडघ्यांना आराम पडतो. त्या पाण्याचं तिला माझ्याइतकंच अगत्य आहे.

खाली ज्वालामुखी आहे म्हणून पाणी गरम, असं इथं येणारे अनेक जण समजतात. तसं नाही. इथली आग साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवली. कुठेही खाली गेलं की दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. सातपुड्यावर पडलेला पाऊस खडकांतल्या तड्यांतून खोल जातो, तापतो आणि त्याला परत यायला मोकळी वाट मिळाली की वाटेत फार निवण्याआधी वर येतो. ती वाट म्हणजे भ्रंश. अखंड खडकात पाणी ना इतकं खाली जाईल, ना असं घाईनं वर येईल. उनपदेव, सुनपदेव, नाझरदेव हे झरे सातपुड्याच्याच आसऱ्याला आहेत आणि तिकडे शहाद्याजवळही एक उनपदेव आहे. मला ते झरे म्हणजे त्या जुन्या चिरेवर दिलेले ठिपके वाटतात, मुलांच्या नकाशावरच्यासारखे.

बाहेर टपरीवर कळण्याची भाकरी, भरीत आणि कांद्याची पात मिळाली. भरीत चुलीत भाजलेल्या वांग्याचं. आम्ही तिघांनी मिळून नऊ भाकऱ्या संपवल्या.

चौथा दिवस : यावल

सकाळी पायथ्याच्या बाजूनं गेलो. डोंगर उतरून आलेल्या नाल्यांनी इथं गोटे, वाळू, रेतीचे ढीग ओतले आहेत. या पट्ट्याला बझाडा म्हणतात. पाणी इथं जमिनीत सरळ मुरतं आणि खालच्या केळीच्या विहिरींना पोचतं. आता बोअर खोल खोल जाताहेत आणि पाणी मागे हटतंय, हे दुःख इथल्या प्रत्येक ओट्यावर ऐकू येतं.

घरी पोचलो तेव्हा सामान अंगणात आलं होतं. पेट्या, पाटे-वरवंटे, आजीचं जातं. माजघर रिकामं. चुलतभावानं बॅटरी धरली आणि नानांनी भिंतीवरून हात फिरवत नेला. बोटं थांबली. "ही बघ."

१९३८ च्या त्या भूकंपाची तीव्रता सुमारे ६.३ होती. किल्लारीचा, ३० सप्टेंबर १९९३ चा, ६.२. जवळजवळ सारखेच. किल्लारीला साडेनऊ हजारांवर माणसं गेली आणि इथं आजीची उतरंड फुटली. मोठा फरक खोलीचा. किल्लारीची नाभी, म्हणजे जमिनीखाली धक्का सुटतो ती जागा, दहा किलोमीटरच्या आत होती. सातपुड्याची सुमारे चाळीस किलोमीटर खाली. वर येईपर्यंत धक्का लांबवर पसरला पण बोथट झाला. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंपही याच शोण-नर्मदा-तापी पट्ट्यात आणि असाच खोल. आणि भूज? तेही कच्छच्या जुन्या खचदरीवर.

हाच तो प्रश्न, ज्याला मी वर्गात दोन वाक्यांत उरकते. आता नानांना सांगताना घाई केली नाही. हिमालयात आपला भूपट्ट अडला आहे, पण मागून रेटा थांबलेला नाही. तो रेटा अखंड तुकड्यातून मागे झिरपतो, अगदी आपल्या घराखालीसुद्धा. बहुतेक ठिकाणी खडक तो सोसतो. सोसवत नाही तो जिथं आधी मोडलेला आहे तिथं. आणि मध्य भारताचा हा पट्टा मोडलेला आहे. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा असे दोन भूखंड इथं एकमेकांना येऊन जुळले. तेव्हा ही सीमाच होती, आजच्या हिमालयासारखी. मग ती सांधली गेली. नंतर तीच जागा ताणली गेली, खचली. मग साक्रीच्या भेगांसारख्या भेगांतून लाव्हा वर आला आणि त्यानं सगळं झाकून टाकलं.

नाना चिरेवरचं बोट न काढता म्हणाले, "लिंपलं."

"हो. लिंपलं."

त्यांनी वर बघितलं. धाब्याच्या कड्या, सागाचे खांब. सोहम पुढे आला आणि म्हणाला, "नाना, भिंत फाटली तरी घर का पडलं नाही माहीत आहे? माळ्याचा भार खांबांवर आहे, भिंतीवर नाही." किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या आणि त्यांखाली माणसं गेली, पण लाकडी खांबांचे सांगाडे अनेक ठिकाणी उभे राहिले होते. नव्या घराच्या नकाशावर त्यानं जोत्याला, दारांच्या वर आणि स्लॅबखाली अशा तिन्ही ठिकाणी सलग काँक्रीटची पट्टी काढली होती. गवंडी म्हणत होता की मधली पट्टी कशाला, आपल्याकडे कुठे भूकंप होतात. सोहमनं त्याला हाताला धरून माजघरात आणलं आणि चीर दाखवली. भूकंपाच्या २००२ च्या नकाशात तापीचं हे खोरं तिसऱ्या विभागात आहे, हेही सांगितलं. गवंड्यानं बॅटरीच्या उजेडात चीर वरपासून खालपर्यंत बघितली, अंगठ्यानं रुंदी मापली आणि लोखंड किती वाढेल ते विचारलं.

मी तोवर हिशेब करत बसले होते. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. आजी जात्यावर बसली होती त्या पहाटेपासून ८७ वर्षं झाली. घर, भिंत, चीर, अंगणातला निंब, सगळं मिळून चार मीटरच्या वर सरकलं. मी नानांना माजघराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं, इतकं.

पाडायचं काम दुसऱ्या दिवशी होतं, पण नाना थांबले नाहीत. निघताना त्यांनी अंगणातल्या ढिगातून मूठभर पांढरी माती घेतली, लोट्यातल्या पाण्यानं कालवली आणि आत गेले. खालून हात पोचेल तिथपर्यंत त्यांनी चीर लिंपली, आजी लिंपायची तशी, तीन बोटांनी. मग हात धुऊन गाडीत येऊन बसले.